आंबेमोहर दरवर्षी लोळतो, उंची कमी होणारच नाही का?

मुळशीकर: आमचा पाऊण एकर आंबेमोहर आहे, लोंब्या भरल्या की परतीच्या पावसात सगळा आडवा, खालच्या लोंब्या चिखलात आणि दाण्याला मोड, बघवत नाही हो. युरिया कमी करून पाहिला तरी तेच. उंची बियाण्यातच असते का?

भातवेडा_पुणे: बियाण्यातच, दादा. पहिल्या क्रोमोसोमवर एसडी-१ नावाचा जीन आहे, तो जिबरेलिन हे वाढीचं हार्मोन बनवायला मदत करतो. तैवानच्या डी-जिओ-वू-जेन जातीत त्याचा तुकडाच गळालाय म्हणून ताट आखूड आणि दणकट. फिलिपिन्समध्ये तिचा पेटा या उंच जातीशी संकर केला, त्यातूनच १९६६ ला आयआर-८ ही बुटकी जात आली.

मुळशीकर: मग आंबेमोहराशी संकर केला की लगेच बुटका?

भातवेडा_पुणे: नाही, हा गुण रिसेसिव्ह, म्हणजे उंचीच्या जीनपुढे दबून राहणारा, पहिली पिढी उंचच दिसते, दुसरीत साधारण ३ उंचांमागे १ बुटकं निघतं. आपली इंद्रायणी आंबेमोहर-१५७ आणि आयआर-८ चीच लेक, वडगाव मावळची.

मावळची_सून: आम्ही इंद्रायणीच लावतो, लोळत नाही फारशी. पण आंबेमोहर शिजताना ओटीपर्यंत जो वास येतो ना, तो तिला नाही, म्हणून दोन गुंठे आंबेमोहर घरापुरता ठेवाच.