शब्दचर्चा: ‘शिक्षा’ मराठीत सजा कशी झाली?

निळीशाई:
एका हिंदी आठवणींचा मराठी अनुवाद करतेय आणि एका साध्या वाक्यावर दोन दिवस अडकलेय. वाक्य असं: “माँ की दी हुई शिक्षा आज भी मेरे साथ है।” आई निरक्षर होती हे आधी येऊन गेलंय, त्यामुळे ‘आईनं दिलेलं शिक्षण’ बसत नाही, शिक्षण म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर शाळा-कॉलेजच येतं. ‘शिकवण’ लिहिलं तर एकदम संतवचन वाटतं. ‘संस्कार’ मला नकोय, तो वेगळाच शब्द आहे. आणि ‘शिक्षा’ तशीच ठेवली तर वाचणाऱ्याला वाटणार आईनं बदडलं. तुम्ही काय वापराल? आणि जाताजाता, हा शब्द आपल्याकडेच असा उलटा का फिरला?

साधीओळ:
शिकवण. घराघरात बोलतात, ‘आईची शिकवण’. संतवचन वगैरे काही वाटत नाही मला तरी.

पाठभेद:
उलटा फिरला हे बरोबर बोललात. संस्कृतात ‘शिक्ष्’ हे ‘शक्’ धातूचं इच्छार्थक रूप आहे, म्हणजे शक्य व्हावं, जमावं अशी इच्छा करणं. शिकणं म्हणजे जमवायची इच्छा, किती सुंदर आहे हे! सहा वेदांगांत पहिलं नाव शिक्षेचं, तिथे ती उच्चारशास्त्र आहे, वर्ण, स्वर, मात्रा वगैरे, आणि तैत्तिरीय उपनिषदात तर ‘शीक्षा’ असा दीर्घ उच्चारच आहे. छडीचा कुठे मागमूस नाही. मी म्हणेन अनुवादात ठामपणे ‘शिक्षा’च लिहा, लोकांना मूळ अर्थ कळू दे, नाहीतर तो कायमचा जाईल.

मधलीसुट्टी:
नका हो असं सांगू. मी प्राथमिक शाळेत शिकवते. २०१८ मध्ये ‘सर्व शिक्षा अभियान’ आणि आणखी दोन योजना एकत्र करून ‘समग्र शिक्षा’ झाली, ते नाव हिंदीतून जसंच्या तसं आपल्या कागदांवर आलं. एका मुलाच्या आजोबांनी मला सरळ विचारलं होतं की बाई, सगळ्यांना शिक्षा कशाबद्दल? ते मनापासून विचारत होते. सांगेपर्यंत चेहरा कावराबावरा होता. मूळ अर्थ जपायचा म्हणून वाचणाऱ्याला घाबरवायचं का?

पाठभेद:
मग आजोबांना अर्थ सांगायचा, शब्द कशाला सोडायचा? शिक्षक, शिक्षण, शिक्षित या सगळ्यांत जुना अर्थ जिवंत आहेच की, एकट्या शिक्षेनं काय घोडं मारलंय?

साधीओळ:
याच न्यायानं ‘राग’ पण परत करा मग. संस्कृतात राग म्हणजे रंग, आसक्ती, प्रेम. उद्या बायकोला म्हणा मला तुझा फार राग आहे, आणि मग मूळ अर्थ समजावत बसा. बंगालीतही राग म्हणजे रागच बरं का. बोलणारे जो अर्थ घेतात तो अर्थ, विषय संपला.

दक्षिणवारा:
‘आपल्याकडेच’ हे मात्र चूक आहे. माझं निम्मं आयुष्य कन्नड-तेलुगू बोलणाऱ्यांत गेलं. कन्नडमध्ये ‘शिक्षे’ म्हणजे सजा, तेलुगूत ‘शिक्ष’ म्हणजे सजा, मल्याळममध्येही तेच. तेलुगूत शिक्षणाला ‘विद्य’ म्हणतात आणि ‘शिक्षण’ म्हणजे ट्रेनिंग. हिंदी, बंगाली, ओडिया, नेपाळीत मात्र शिक्षा म्हणजे एज्युकेशन. म्हणजे या शब्दापुरती मराठी दक्षिणेच्या पंगतीला बसलीय. गुजराती दोन्ही पंगतीत, तिथे शिक्षा सजाही आहे आणि १८२६ ची ‘शिक्षापत्री’ ही उपदेशाचीच पोथी आहे.

पाठभेद:
म्हणजे दक्षिणेकडून आलेला बिघाड, मी तेच म्हणतोय.

दक्षिणवारा:
बिघाड का म्हणायचं? बंगालीत ‘उचित शिक्षा देणे’ म्हणजे चांगली अद्दल घडवणे. आपण ‘धडा शिकवीन’ म्हणतो तेव्हा कुणी पुस्तक उघडतं का? बी सगळीकडे आहे, काही ठिकाणी झाड झालं एवढंच.

सागरफेरी:
मी जहाजावर असताना एका इंडोनेशियन सहकाऱ्याकडून ‘सिक्सा’ हा शब्द ऐकला. अर्थ विचारला तर म्हणाला यातना, छळ. ‘सिक्सा कुबुर’ म्हणजे थडग्यातल्या यातना. मला शहाराच आला, कारण तो आपलाच शब्द होता! नंतर शोधत गेलो तर १५१८ सालचा एक जुन्या सुंदानी भाषेतला ग्रंथ सापडला, ‘सांगह्यांग सिक्सा कांदांग कारेसियान’, त्यात सिक्सा म्हणजे वागण्याचे नियम, उपदेश. आणि थायलंडमध्ये ‘सुक्सा’ म्हणजे अभ्यास, त्यांच्या शिक्षण मंत्रालयाच्या नावात हाच शब्द आहे. म्हणजे आपल्याकडे हिंदी-मराठीत जी फाळणी झाली तशीच समुद्रापलीकडे थाई आणि इंडोनेशियनमध्ये झाली.

जुनेपान:
तुमच्या त्या ग्रंथातच उत्तर आहे असं मला वाटतं. मधला अर्थ ‘नियम’. आमच्या घरी रोज पंचशील म्हणतात, “पाणातिपाता वेरमणी सिक्खापदं समादियामि”. पाली सिक्खा म्हणजेच संस्कृत शिक्षा, आणि सिक्खापद म्हणजे आपण होऊन पाळायचा नियम. लहानपणी पाठ होतं पण अर्थ माहीत नव्हता, एकदा मी आजीला विचारलं हे पाच वेळा शिक्षा शिक्षा काय म्हणतो आपण, कुणी काय गुन्हा केलाय? ती म्हणाली, शिक्षा नाही रे, शिकायचं आहे ते, रोज थोडं. तेव्हापासून हा शब्द माझ्यासाठी कधी सजा राहिलाच नाही. तर माझा अंदाज असा की आधी शिकणं, मग शिकताना पाळायचा नियम, मग नियम मोडल्यावर जे होतं ते. पुरावा नाही, पण मन हेच सांगतं.

मधलीसुट्टी:
हे मला फार पटलं. शाळेत पण असंच होतं ना, शुद्धलेखन चुकलं की दहा वेळा लिहा. ती सजा आहे की अभ्यास? मुलाला विचारलं तर सजा म्हणेल, आणि बाईंना विचारलं तर अभ्यास.

सागरफेरी:
इंग्रजी डिसिप्लिन पण तसंच आहे. लॅटिनमध्ये मूळ ‘शिकणे’, शिष्य याच अर्थाचा शब्द त्यातून आला, आणि पुढे मठांमध्ये चाबकालाच डिसिप्लिन म्हणायला लागले. अरबीत अदब म्हणजे शिष्टाचार, साहित्य, आणि त्यातूनच तादीब म्हणजे वळण लावणं, शासन करणं. ग्रीकमध्ये तर कमाल आहे, ‘पेदिया’ म्हणजे शिक्षण आणि त्याच घरातलं आजचं क्रियापद ‘पेदेवो’ म्हणजे छळणे. एकमेकांना न विचारता सगळे त्याच वाटेनं गेले.

साधीओळ:
आणि आपलं ‘शासन’ विसरलात. शासन म्हणजे सरकार आणि शासन करणे म्हणजे दंड देणे. शास्त्र, शिष्य, अनुशासन सगळे ‘शास्’ धातूचे. यावरून आठवलं, ‘शिस्त’ पण शिष्टवरूनच ना?

पाठभेद:
अर्थात. शिष्ट, शिष्य, शिस्त.

दक्षिणवारा:
अजिबात नाही! शिस्त फारसीकडून आलाय. उर्दूत ‘शिस्त बाँधना’ म्हणजे नेम धरणे. नेम धरायला सरळ रेषा लागते, तिथून शिस्त.

पाठभेद:
नेम धरण्याचा आणि वर्गात हाताची घडी घालून बसण्याचा काय संबंध? शिष्टाशी अर्थ सरळ जुळतो.

दक्षिणवारा:
अर्थ जुळला म्हणून व्युत्पत्ती होत नाही. शिष्ट मराठीत झिजला असता तर ठ आला असता, काष्ठचं ‘काठी’ पाहा, मुष्टीचं ‘मूठ’ पाहा. ‘स्त’ कुठून आणलात?

जुनेपान:
झिजण्यावरून सांगतो, शिक्षेचा घरगुती अवतार आपल्याकडे आहेच, ‘शिकणे’. हिंदीत सीख, आपलं शिक. हिंदीत भिक्षेची भीख, आपली भीक. बुभुक्षेची तिकडे भूख, इकडे भूक. आपण सगळीकडे ह गाळला. तोंडातोंडी आलेल्या ‘शिकण्या’ला सजेचा डाग लागला नाही, तो लागला पोथीतून परत आणलेल्या ‘शिक्षे’ला. मला हे फार विचार करण्यासारखं वाटतं.

निळीशाई:
सगळ्यांचे आभार, पण माझं वाक्य? जुनेपान यांचं वाचून वाटलं की क्रियापदच वापरावं, “आईनं जे शिकवलं ते आजही माझ्यासोबत आहे.”

मधलीसुट्टी:
हेच. बाळबोध आहे पण निरक्षर आईच्या तोंडाशी जुळतं.

पाठभेद:
‘दी हुई’ गेलं त्यात. शिक्षा ही दिलेली वस्तू आहे त्या वाक्यात, आईनं हातात ठेवलेली. क्रियापद केलंत की ती वस्तू हरवते. इतकं भारदस्त वाक्य सपाट करू नका.

निळीशाई:
हो, ‘दिलेली’ हवंच आहे मला, खरं तर त्याच्यासाठीच अडकलेय. “आईनं दिलेली शीक”? असं म्हणतात का कुठे?

साधीओळ:
आमच्याकडे नाही ऐकलं. शिकवणच टाका म्हणतो मी परत.

दक्षिणवारा:
शिस्तबद्दल कुणी उत्तर दिलं नाही अजून. आणि ‘दंड’ पण घ्या, हिंदीत दंड म्हणजे कुठलीही सजा, आपल्याकडे फक्त पैसे भरायचे. मग १ जुलै २०२४ ला गेलेल्या ‘भारतीय दंड संहिते’तला दंड मराठी होता की हिंदी?