ओआरची इंटर्नशिप: सिम्प्लेक्स घोटायचा की प्रश्न मांडायला शिकायचं?

रांगेतला चौथा

गेली तीन वर्षं ऑपरेशन्स रिसर्चच्या (ओआर, म्हणजे कामकाजाचे निर्णय गणिताने घ्यायचं शास्त्र) इंटर्नशिपसाठी येणाऱ्या मुलामुलींच्या मुलाखती घेतोय. त्यातून झालेलं एक मत मांडतो. पटलं नाही तर खुशाल झोडपा.

तयारी म्हणून बहुतेक जण भलतंच, म्हणजे प्रश्न हाताने सोडवायच्या पुस्तकी पद्धती, घोटून येतात. सिम्प्लेक्सचा तक्ता हाताने भरता येतो, व्होगेलची पद्धत पाठ असते, हंगेरियन पद्धतीत रेघा कशा मारायच्या हेही माहीत असतं. मी विचारतो ते एवढंच: गोदामाला तीन डॉक आहेत, दिवसभरात वीस ट्रक येणार आहेत, प्रत्येकाची यायची वेळ आणि माल उतरवायला लागणारा वेळ दिलाय. कोणता ट्रक कधी, कुठे लावायचा? समोरचा दोन मिनिटांत 'मिनिमाइझ' लिहून पुढे सिग्मा काढतो. नक्की काय कमी करायचंय, हे सिग्मा काढून झाल्यावर ठरतं. 'ट्रकला उशीर झालेला चालेल का, आणि चालेल तर तो किती महाग पडतो?' हा प्रश्न तीन वर्षांत मला मोजून चार जणांनी विचारला. चौघांनाही घेतलं. त्यातल्या एकीला ड्युअल (मूळ प्रश्नाची जोडी, जिच्यातून प्रत्येक अटीची किंमत कळते) म्हणजे काय ते धड सांगता आलं नव्हतं.

म्हणून म्हणतो, दोन महिने पुस्तक मिटा. कुणीतरी आज हाताने करतंय असं एखादं वेळापत्रक, वाटप, नाहीतर मार्ग शोधा. त्याचं गणिती मॉडेल करा, फुकटातल्या सॉल्व्हरवर (अशी मॉडेलं सोडवणारं सॉफ्टवेअर) चालवा आणि उत्तर त्याच माणसाला दाखवा. तो हसेल. का हसला ते लिहून ठेवा. मुलाखतीत तेच सांगा.

शोधण्याबद्दल एकच: जाहिरातीत 'ऑपरेशन्स रिसर्च' हे शब्द शोधत बसलात तर फार काही हाती लागणार नाही. तेच काम डिसिजन सायन्स, ऑप्टिमायझेशन, सप्लाय चेन, नेटवर्क प्लॅनिंग, रेव्हेन्यू मॅनेजमेंट, सिम्युलेशन अशा नावांखाली असतं. पदनाम सोडा, जाहिरातीत खाली गुरोबी, पायोमो, ओआर-टूल्स असं काही सॉफ्टवेअर दिसतंय का ते बघा.

द्वैत

साफ असहमत, आणि सविस्तर असहमत.

मॉडेल 'लिहिणं' आज कुणालाही जमतं. प्रश्न साध्या भाषेत सांगितला की यंत्रंही कोड लिहून देतात. ते मॉडेल सहा तास फिरत बसलं की काय करायचं, हे ज्याला कळतं त्याला पगार मिळतो. आणि ते पुस्तक मिटून कळत नाही हो.

साधं उदाहरण देते. गोदाम उघडायचं की नाही, यासाठी शून्य-एक व्हेरिएबल 'य'. गोदाम बंद असेल तर तिथून माल जाऊ नये म्हणून अट लिहितात: क्ष ≤ म × य. 'क्ष' म्हणजे तिथून जाणारा माल, 'म' म्हणजे पुरेसा मोठा आकडा. मुलं बिनधास्त १०,००,००० टाकतात. आता सॉल्व्हर 'य' पूर्णांक आहे की नाही हे थोडी सूट देऊनच तपासतो, आणि ती सूट सर्रास ०.००००१ असते. म्हणजे 'य' ०.००००१ असला तरी त्याच्या लेखी तो शून्यच. गुणून बघा: बंद गोदामातून १० नग बाहेर पडले, आणि सॉल्व्हर म्हणतो सगळ्या अटी पाळल्या. तुमच्या त्या प्रश्न विचारणाऱ्या चौघांपैकी किती जणांना हे पकडता येईल?

दुसरं. ५० ग्राहक आहेत. 'या गोदामातून जास्तीत जास्त ५० ग्राहकांना माल जाईल, तेही ते उघडं असेल तर' अशी गोदामामागे एकच अट लिहिता येते. किंवा प्रत्येक ग्राहकासाठी वेगळी, म्हणजे गोदामामागे ५० अटी. नवख्याला वाटतं कमी अटी म्हणजे हलकं मॉडेल. बहुतेक वेळा उलटं होतं, ५० अटींचं मॉडेल झपाट्याने सुटतं, कारण पूर्णांकाची अट सैल केल्यावर त्याचं उत्तर खऱ्या उत्तराच्या कितीतरी जवळ राहतं. हे ज्याला समजलं त्याला ब्रँच अँड बाउंड (फांद्या फोडत पूर्णांकी उत्तर शोधायची सॉल्व्हरची पद्धत) समजलं. मी मुलाखतीत हेच विचारते.

आणि ड्युअल सांगता न येणारी मुलगी घेतलीत, तर उद्या मॅनेजरने 'अजून एक डॉक बांधला तर किती वाचतील?' विचारल्यावर ती उत्तर कशाच्या जिवावर देणार?

रांगेतला चौथा

मॉडेल पुन्हा चालवून! तीनच्या जागी चार टाकायचे. डॉक अर्धा बांधता येत नाही, तिथे ड्युअलमधली तुमची शॅडो प्राइस (मर्यादा जराशी वाढवली तर किती फायदा) तशीही तोकडीच पडते. :)

द्वैत

हा मुद्दा बरोबर आहे. चिडचीड होते, पण बरोबर आहे. तरी माझं म्हणणं खोडलं जात नाही. शॅडो प्राइस कुठे चालत नाही हे सांगायलाही ती आधी माहीत असावी लागते.

उंटावरचा शहाणा

दोघंही काचेच्या घरात बसून भांडताय.

१२ आठवड्यांच्या इंटर्नशिपचा हिशेब सांगतो. पहिले चार आठवडे डेटा मिळवण्यात आणि धुण्यात. दोन आठवडे मॉडेल. बाकीचे सहा 'हे उत्तर असं का आलं?' याची उत्तरं देण्यात. मी इंटर्न असताना डिलिव्हरीचे मार्ग आखायचं काम होतं. प्रत्येक थांब्यावर किती वेळ लागतो याचा वर्षभराचा डेटा मिळाला. जवळपास सगळीकडे पाच मिनिटं. मी खूश, किती शिस्तीचे ड्रायव्हर! मॉडेल सुटलं, गॅप, म्हणजे सर्वोत्तमपासून जास्तीत जास्त अंतर, ०.०१ टक्का. तीन आठवड्यांनी एका ड्रायव्हरसोबत गाडीत बसलो तेव्हा कळलं की ड्रायव्हरच्या हातातल्या नोंदीच्या यंत्रात पाच हा आकडा आधीच भरलेला येतो, आणि तो बदलायला कुणाला वेळ आहे? माझं 'सर्वोत्तम' उत्तर कचऱ्यात.

तेव्हा आधी एसक्यूएल (डेटाबेसमधून डेटा काढायची भाषा) शिका. पायथनमध्ये दोन तक्ते न चुकता जोडायला शिका. ड्युअल पळून जात नाही.

नवखी

मी गणिताच्या पदव्युत्तर वर्गात आहे. ४० अर्ज पाठवले, दोन उत्तरं आली, दोन्ही नकाराची. माझ्या विभागात ओआर हा एकच पेपर होता आणि त्यात नेमकं तेच शिकवलं, तक्ता भरणं आणि रेघा मारणं. आता एक जण म्हणतात पुस्तक मिटा, एक म्हणतात उघडा, तिसरे म्हणतात एसक्यूएल. अर्ज करायला माझ्याकडे तीन महिने आहेत. प्रामाणिकपणे विचारते, सोमवारी सकाळी काय करू?

माझ्याकडे दाखवायला एकच प्रोजेक्ट आहे. जेनेटिक अल्गोरिदमने (जवळपास चांगलं उत्तर शोधणारी पद्धत) ३० शहरांचा ट्रॅव्हलिंग सेल्समन सोडवलाय, म्हणजे सगळी शहरं एकदा फिरून परत यायचा छोट्यात छोटा मार्ग.

तळटीप

अगं, तो प्रोजेक्ट आधी काढ. कठोर वाटेल, पण दर दुसऱ्या अर्जात तो असतो. १९५४ मध्ये डँट्झिग (सिम्प्लेक्सचे जनक), फुलकर्सन आणि जॉन्सन यांनी ४९ शहरांचा सेल्समन सोडवला, बराचसा हातानेच, आणि याहून छोटा मार्ग असूच शकत नाही हे सिद्धही करून दाखवलं. इतक्या वर्षांनी ३० शहरांचं 'जवळपास चांगलं' उत्तर घेऊन गेलीस तर समोरचा एकच विचारणार: सर्वोत्तमपासून किती लांब? तुझ्याकडे उत्तर आहे?

काढायचा नसेल तर सुधार. सॉलोमन यांचे १९८७ चे वाहनमार्गांचे नमुना प्रश्न आहेत, १०० ग्राहकांचे, वेळेच्या खिडक्यांसकट (कुणाकडे किती ते किती वाजता पोचायचं). त्यांची आजवरची उत्तम उत्तरं उघडपणे मिळतात. तू आपली पद्धत चालव आणि प्रत्येक प्रश्नात किती टक्के मागे पडलीस त्याचा तक्ता दे. सात टक्के मागे असलीस तरी चालेल. 'अमुक प्रकारच्या प्रश्नात मागे पडते, कारण खिडक्या अरुंद आहेत' हे एक वाक्य लिहिता आलं तर तो अर्ज मी बाजूला काढून ठेवेन.

अवांतर: मोठ्या कंपन्या उन्हाळ्याच्या जागा सहा-आठ महिने आधी भरायला घेतात, छोट्या महिनाभर आधी जाग्या होतात. ४० अर्ज कुणाकुणाला आणि कधी केलेस ते एकदा तपास.

द्वैत

@उंटावरचा शहाणा, तुमचा ड्रायव्हर आवडला, पण निष्कर्ष नाही. डेटा चुकलाय हे उत्तराकडे बघून कळायला हवं, गाडीत बसून नव्हे.

डँट्झिग यांनीच सांगितलेला किस्सा आहे. डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलं, म्हणून १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी स्वतःचा आहार लिनिअर प्रोग्रॅमिंगने (सगळ्या अटी आणि उद्दिष्ट सरळ रेषेतले असलेलं मॉडेल) ठरवायचं ठरवलं. पोट भरल्यासारखं वाटलं पाहिजे, म्हणून पाण्याचं वजन वगळून उरणारं अन्नाचं वजन जास्तीत जास्त करायचं. यंत्राने उत्तर दिलं: बाकीच्या पदार्थांसोबत ५०० गॅलन व्हिनेगर. कारण तक्त्यात व्हिनेगर हे पाणी नसलेलं आम्ल म्हणून नोंदलेलं होतं. ते यादीतून काढल्यावर दुसऱ्या दिवशी आले सूपच्या खारट वड्यांचे २०० नग. मिठावर वरची मर्यादाच घातलेली नव्हती. वड्यांच्या संख्येवर मर्यादा घातल्यावर कोंडा. व्हेरिएबलवर वरची मर्यादा घालायची सुरुवात अशी झाली, असं ते सांगत.

म्हणजे बघा, मॉडेल एका टोकाला जाऊन बसलं की डेटातली फट दिसते. आणि ते टोकालाच का जातं? कारण लिनिअर प्रोग्रॅमचं उत्तर अटींनी आखलेल्या जागेच्या कोपऱ्यात असतं. हा सिद्धान्त आहे, अनुभव नव्हे.

उंटावरचा शहाणा

हा किस्सा तर माझ्या बाजूचा आहे! तक्त्यातली एक नोंद चुकली आणि पाचशे गॅलन व्हिनेगर. धुलाई आधी.

रांगेतला चौथा

दोघांचाही नाही, माझा आहे. व्हिनेगर गेल्यावरही खारट वड्या आल्याच ना? तिथे डेटा ठीक होता, सिद्धान्तही ठीक. 'माणूस दिवसाला दोनशे वड्या खात नाही' ही अट कुणी लिहिलीच नव्हती. ती घरात जेवायला बसल्यावरच सुचते.

रांगेत नसलेला

तिघांचं चालू द्या, मला एक खटकतंय. ओआर म्हणजे फक्त ऑप्टिमायझेशन असं धरूनच सगळे बोलताय. माझी इंटर्नशिप कॉल सेंटरमध्ये होती, सॉल्व्हर एकदाही उघडला नाही. रांगांचं एकच सूत्र कामाला आलं. एक काउंटर, येणारे बेभरवशाचे, लागणारा वेळही बेभरवशाचा, अशा सर्वांत साध्या रांगेत काउंटर ८० टक्के वेळ गुंतलेला असेल तर सरासरी वाट बघणं एका माणसाला लागणाऱ्या वेळेच्या चौपट. ९० टक्क्यांना नऊपट. ९५ ला एकोणीसपट. मॅनेजरला वाटत होतं, पाच टक्के माणसं कमी केली तर रांग पाच टक्क्यांनी वाढेल. मी तीन आकडे फळ्यावर लिहिले, पुढचे दोन महिने माझं ऐकलं गेलं. एर्लांग नावाच्या डॅनिश माणसाने १९०९ मध्ये टेलिफोनसाठी हे गणित सुरू केलं. मुलाखतीला जाताना निदान लिटलचा नियम तरी माहीत असावा: आत असलेली माणसं म्हणजे येण्याचा दर गुणिले आत घालवलेला वेळ.

नवखी

माझी पदवी गणिताची, इंजिनिअरिंगची नाही. यानेही फरक पडतो का? दोन जाहिरातींत इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग हवं असं स्पष्ट लिहिलं होतं.

तळटीप

तरीही कर अर्ज. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये भौतिकशास्त्रज्ञ ब्लॅकेट यांनी विमानविरोधी तोफांसाठी जी पहिली तुकडी जमवली, तिच्यात शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते, एक खगोलभौतिकीवाला होता, एक सर्वेक्षक होता. ओआर शिकलेला एकही नव्हता, कारण तो विषयच जेमतेम जन्मत होता. हे अर्जात लिहू नकोस मात्र, आगाऊपणा वाटेल.

शून्य-एक

'एखाद्या संस्थेचं वेळापत्रक करून द्या' हा सल्ला मला पटत नाही. फुकट राबवून घेण्याचं गोड नाव. ज्याला घरून पैसे येतात त्याला परवडतं, ज्याला सुट्टीत कमवावं लागतं त्याने काय करायचं?

रांगेतला चौथा

रास्त. म्हणूनच 'करून द्या' म्हटलं नाही, 'करून दाखवा' म्हटलं. दोन शनिवार-रविवारांचं काम हवं, सेवा नको. तरी शब्द जपून वापरायला हवे होते, मान्य.

नवखी

तीन आठवड्यांनी परत आलेय.

आमच्या ग्रंथालयातल्या नऊ जणांच्या पाळ्यांचं वेळापत्रक एक बाई दर महिन्याला कागदावर करतात. त्यांच्याशी दोनदा बोलले, १४ नियम लिहून घेतले, पल्पमध्ये (पायथनमधून मॉडेल लिहायचं साधन) घातले. सॉल्व्हर म्हणतो, इन्फिजिबल. उत्तरच नाही. पण त्या तर दर महिन्याला वेळापत्रक लावतात! टायपिंगची चूक शोधली, नाही सापडली.

द्वैत

एकमेकांशी न जुळणाऱ्या अटींचा असा संच शोध, ज्यातली कोणतीही एक काढली की बाकीच्या जुळतात. काही सॉल्व्हर तो स्वतःच काढून देतात, गुरोबी देतो आणि त्याचा शैक्षणिक परवाना फुकट मिळतो. नाहीतर एकेक नियम काढून चालवून बघ, १४ म्हणजे काही फार नाहीत.

रांगेतला चौथा

त्याआधी त्या बाईंना विचार, यातला कोणता नियम त्या स्वतःच मोडतात.

नवखी

दोन्ही केलं. एकेक काढून बघितलं तेव्हा रविवारचा नियम काढला की सुटतं. 'लागोपाठ दोन रविवार कुणाला लावायचे नाहीत.' बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "अगं, तो तर दर महिन्याला मोडतो. ज्याला लावते त्याला पुढच्या शुक्रवारी लवकर सोडते."

द्वैत

मग ती अट कडक ठेवूच नकोस. मोडली तर दंड, आणि तो उद्दिष्टात, म्हणजे जे कमी करायचंय त्यात, मिळवायचा. दंड किती ते तू ठरवू नकोस, एका रविवारला किती लवकर सोडलेले शुक्रवार पुरतात ते बाईंना विचार.

रांगेतला चौथा

द्वैत, हे मी पहिल्याच पोस्टमध्ये म्हटलं होतं. उशीर चालतो का, आणि किती महाग पडतो.

द्वैत

तुम्ही पुस्तक मिटा म्हणाला होतात. वर जाऊन वाचा.