आरटीएल ८१३९ : ड्रायव्हरने नकार दिला म्हणजे कार्ड गेलं असं नाही

लिनक्सच्या कर्नलच्या (गाभ्याच्या) लॉगमध्ये ड्रायव्हरने, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅमने, नेटवर्क कार्ड नाकारल्याचा संदेश आला, तेव्हा कार्डच बाद झालंय, असा निष्कर्ष काही जण काढतात आणि वेग कमी मिळतो अशी तक्रारही करतात. तो निष्कर्ष मला पटत नाही. रिअलटेक कंपनीच्या ८१३९ या नेटवर्क चिपच्या मालिकेत तो संदेश अगदी नेहमीचा आहे. साधी ८१३९ आणि सुधारित ८१३९सी+ या दोन्ही चिप एकच पीसीआय आयडी (संगणकाला आपली ओळख सांगणारा क्रमांक) सांगतात, १०ईसी:८१३९. त्यामुळे लिनक्स ८१३९टू आणि ८१३९सीपी हे दोन्ही ड्रायव्हर लोड करून बघतं. मग प्रत्येक ड्रायव्हर चिपचा रिव्हिजन (आवृत्ती) क्रमांक वाचतो : हेक्समध्ये २० किंवा वर असेल तर सी+, खाली असेल तर साधी. ज्याचं काम नाही तो संदेश टाकून बाजूला होतो, दुसरा कार्ड ताब्यात घेतो. एलएसपीसीआय या कार्डांची यादी दाखवणाऱ्या आज्ञेच्या ओळीत एकाहून जास्त चिपची नावं एकत्र छापलेली असतात, त्यावर विसंबू नका. शेवटी कंसात 'रेव्ह १०' असा रिव्हिजन क्रमांक असतो तो बघा. माझ्याकडच्या जुन्या कार्डावर तेच आहे, म्हणजे चिप साधी, आणि ते ८१३९टूवर व्यवस्थित चालतं.

वेग कमी मिळण्याची तक्रार मात्र रास्त आहे, फक्त त्याचं खापर ड्रायव्हरवर फोडू नये. साध्या ८१३९ला पाठवण्यासाठी चारच डिस्क्रिप्टर (पाकीट मेमरीत कुठे आहे ते सांगणाऱ्या नोंदी) आहेत, आणि आलेली सगळी पाकिटं, म्हणजे डेटाचे तुकडे, ती एकाच सलग बफरमध्ये (मेमरीतल्या राखीव जागेत) एकापाठोपाठ लिहिते. तिथून प्रत्येक पाकीट ड्रायव्हरला कॉपी करून घ्यावं लागतं, तो भार प्रोसेसरवर पडतो. सी+मध्ये पाठवणं आणि घेणं या दोन्ही बाजूंना डिस्क्रिप्टर रिंग (अशा नोंदींची गोलाकार रांग) आहेत, म्हणून तिचा ड्रायव्हर वेगळा लिहावा लागला.