१०० एमबीपीएसचे कनेक्शन आणि ११.३ एमबीचा वेग: हिशेब जुळत नाही

डिचोलीकर:
नमस्कार. आमच्या गावच्या उत्सवात झालेल्या नाटकाचे संपूर्ण चित्रीकरण संकलनासाठी पुण्याला पाठवायचे आहे. एकच फाइल असून विंडोजमध्ये तिचा आकार ३६ जीबी दिसतो. घरी १०० एमबीपीएसचे (सेकंदाला १०० मेगाबिट) फायबर कनेक्शन आहे आणि अपलोडसाठीही तोच वेग ठरलेला आहे. स्पीड टेस्टमध्ये ९४ ते ९५ असा आकडा येतो, मात्र फाइल पाठवणारा प्रोग्रॅम सेकंदाला ११.३ एमबीच्या वर जात नाही. एका बाइटचे आठ बिट होतात, त्यामुळे १०० ला ८ ने भागून १२.५ मिळायला हवेत असे मी धरले होते. उरलेले सुमारे सव्वा एमबी जातात कुठे? केबलवाला म्हणतो, २०० चा प्लॅन घ्या. घ्यावा का?

फोंड्याचा मास्तर:
आठाने भागणे बरोबरच आहे. त्यापुढची तूट दोन निरनिराळ्या कारणांनी पडते आणि त्यांतील एक तूट केवळ कागदावरची आहे.

वेगाच्या हिशेबात मेगा म्हणजे दहा लाख, म्हणून १०० मेगाबिट म्हणजे सेकंदाला १,२५,००,००० बाइट. विंडोज मात्र १०२४ गुणिले १०२४, म्हणजे १०,४८,५७६ बाइटना एक एमबी म्हणते. भागाकार केला की ११.९२ येतात. तांदूळ तेवढेच, मापटे तेवढे मोठे. हा घोळ मिटावा म्हणून आंतरराष्ट्रीय विद्युत्-तंत्र आयोगाने (आयईसी) १९९८ मध्ये मोठ्या मापांना किबी, मेबी, गिबी अशी स्वतंत्र नावे दिली. विंडोज अजूनही मेबीबाइट मोजते आणि पुढे ‘एमबी’च लिहिते.

दुसरी तूट खरी आहे. तुमची फाइल १४६० बाइटच्या तुकड्यांनी जाते. प्रत्येक तुकड्याला टीसीपी आणि आयपी या इंटरनेटच्या नियमांसाठी प्रत्येकी २० बाइट जोडले जातात आणि मग इथरनेटची (केबलवरून माहिती नेण्याच्या पद्धतीची) चौकट, तपासणीचे आकडे व दोन चौकटींमधील सक्तीची मोकळी जागा मिळून आणखी ३८ बाइट लागतात. तारेवर १५३८ बाइटची जागा अडते तेव्हा तुमच्या कामाचे १४६० पोहोचतात, म्हणजे ९४.९ टक्के. स्पीड टेस्टमधला ९४-९५ चा आकडा इथूनच आला. आता ११.९२ चे ९४.९ टक्के काढा: ११.३१. कोणी काही चोरलेले नाही.

वेळेचा अंदाज काढताना मात्र सावध राहा. विंडोजचे ३६ जीबी म्हणजे दशमान (हजाराच्या पटीतल्या) मापाने ३८.६५ जीबी, त्यांचे बिट ३,०९,२०० मेगाबिट, ९४.९ ने भागल्यास सुमारे ३२५८ सेकंद, म्हणजे ५४ मिनिटे. ३६ ला थेट ८००० ने गुणून १०० ने भागणाऱ्याला ४८ मिनिटे मिळतील आणि शेवटची सहा मिनिटे तो केबलवाल्याला शिव्या देत बसेल. संकलकाकडे मॅक असेल तर त्याला हीच फाइल ३८.६५ जीबी दिसेल, कारण ॲपलने २००९ पासून दशमान माप स्वीकारले आहे. फाइल बदलली की काय, या वादात पडण्याआधी बाइटचा पूर्ण आकडा ताडून पाहावा.

पणजी_नेटवर्क:
मास्तरांच्या हिशेबात भर घालण्यासारखे काही नाही, पण २०० च्या प्लॅनबद्दल लिहितो. केबलने जोडलेल्या संगणकावर स्पीड टेस्ट ९४-९५ वर येऊन तिथेच खिळत असेल, तर ती १०० मेगाबिटच्या इथरनेट पोर्टचीही खूण असते. तसे असेल तर २०० काय, ३०० चा प्लॅन घेतला तरी तुम्हाला ११.३ च दिसत राहतील आणि पैसे तेवढे जास्त जातील.

विंडोजच्या सेटिंग्जमध्ये इथरनेटच्या माहितीत लिंक स्पीड (संगणक आणि मोडेम यांच्यातल्या जोडणीचा वेग) पाहा. तिथे १००/१०० असेल, तर पोर्ट किंवा केबल अडवत आहे. केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. १०० मेगाबिटला दोन पुरतात, गिगाबिटला (१००० मेगाबिट) चारही लागतात. आपल्याकडच्या दमट हवेत कनेक्टरच्या दातांवर गंज चढतो, एखादी जोडी निकामी होते आणि जोडणी निमूटपणे १०० वर उतरते. दिवे लागलेलेच असतात, म्हणून कोणाला संशयही येत नाही. आणखी एक: अनेक फायबर मोडेमवर एकच पोर्ट गिगाबिटचा असतो आणि बाकीचे १०० चे. पोर्टजवळची अक्षरे वाचून घ्यावीत.

सांखळीहून:
थोडे विषयाच्या कडेने. रात्रीच्या बसने पेन ड्राइव्ह पुण्याला धाडला आणि प्रवासाचे बारा तास धरले, तर ३,०९,२०० मेगाबिट भागिले ४३,२०० सेकंद, म्हणजे बसचा वेग जेमतेम ७ एमबीपीएस. तुमचे फायबर सहज जिंकते. पण त्याच बसमध्ये २ टीबीची भरलेली डिस्क ठेवली, तर वेग ३७० एमबीपीएस होतो. यंदाच्या सगळ्या नाटकांची चित्रीकरणे एकदम पाठवायची असतील, तर बसचा विचार जरूर करावा.

डिचोलीकर:
सर्वांचे आभार. लिंक स्पीड १००/१०० च निघाला. मोडेमवर पाहिले तर केबल ‘एफई’ (फास्ट इथरनेट, म्हणजे १०० चा) लिहिलेल्या पोर्टमध्ये होती; ‘जीई’ (गिगाबिट इथरनेट) लिहिलेल्या पोर्टमध्ये घातल्यावर १०००/१००० दिसू लागले. आता पोर्ट अडवत नाही, पण प्लॅन १०० चाच ठेवतो. वर्षातून एकदा लागणाऱ्या चोपन्न मिनिटांसाठी दरमहा जादा पैसे भरण्यात अर्थ नाही.