कंपनीचा कारटेप काढून बाहेरचा बसवताना आलेले अनुभव

वळणवाट

भाचीने गेल्या आठवड्यात तिच्या जुन्या गाडीची बॅटरी बदलली आणि तेव्हापासून कंपनीचा टेप कोड मागू लागला. चोरलेला टेप दुसऱ्या गाडीत चालू नये म्हणून काही गाड्यांत ही व्यवस्था केलेली असते. वीजपुरवठा तुटला की टेप स्वतःला कुलूप लावून घेतो. गाडी सेकंड हँड असल्यामुळे कोडचे कार्ड आधीच्या मालकाकडेच राहून गेले आहे. “मामा, आता नवाच बसवू का?” असे तिने विचारले आणि मला रत्नागिरीतल्या माझ्या पहिल्या गाडीचा सीडी प्लेअर आठवला.

त्याची तब्येत टप्प्याटप्प्याने ढासळत गेली. प्रथम त्याने घरी संगणकावर लिहिलेल्या सीडी बाहेर ढकलायला सुरुवात केली, परंतु दुकानातून विकत आणलेल्या सीडी तो विनातक्रार वाजवत असे. लेझर क्षीण झाला की कमी परावर्तन देणाऱ्या घरगुती सीडी आधी नाकारल्या जातात, हे मला दुरुस्ती करणाऱ्यानेच समजावून सांगितले. पुढे दुपारच्या उन्हात पडद्यावरची अक्षरे दिसेनाशी झाली आणि अखेरीस आवाजाचे बटण उजवीकडे फिरवले तरी आवाज कधी वाढे, कधी कमी होई. दुरुस्तीचा खर्च आणि बाहेरच्या नव्या टेपची किंमत यांत फारसे अंतर उरले नाही, तेव्हा मी दुरुस्तीचा नाद सोडला. माझ्या गाडीतली जागा एकेरी मापाची, म्हणजे १८० बाय ५० मिलिमीटरची असल्यामुळे नवा टेप अलगद बसला. दुहेरी मापात रुंदी तीच राहते आणि उंची १०० मिलिमीटर होते. ज्यांच्या गाडीत टेप डॅशबोर्डच्या वळणातच घडवलेला असतो, त्यांना मात्र नेमकी फ्रेम शोधत हिंडावे लागते.

आपापले अनुभव लिहावेत, ही विनंती. कोणता ब्रँड सरस, या वादापेक्षा टेप काढताना आणि बसवताना प्रत्यक्ष काय घडले, ते वाचायला मला अधिक आवडेल.

मोगरा_७

भाचीला प्रथम अधिकृत सेवा केंद्रात जायला सांगा. टेपच्या अंगावर अनुक्रमांक असतो आणि गाडीची कागदपत्रे दाखवल्यावर त्यावरून कोड बहुधा मिळवून देतात. तोवर अंदाजाने आकडे दाबत बसू नये, कारण काही वेळा चुकल्यावर टेप बराच काळ काहीही स्वीकारत नाही.

चौपदरी

आमच्या गाडीचा टेप आम्ही नाना पेठेत बदलून घेतला. दुकानातल्या मुलाने जुना टेप बाहेर ओढला, मागचे सॉकेट पाहिले आणि सरळ पक्कड हातात घेतली. “सगळ्या वायर कापून पिळून द्यायच्या आणि वर चिकटपट्टी गुंडाळायची, असेच करतात मॅडम,” असे त्याचे म्हणणे होते. मी त्याला तिथेच थांबवले आणि आमच्या मॉडेलचा कपलर शोधायला लावला. दोन खण उपसल्यावर तो निघाला. एका टोकाला गाडीचे सॉकेट आणि दुसऱ्या टोकाला नव्या टेपच्या वायर, इतकीच ती वस्तू आहे. पण तिच्यामुळे गाडीच्या मूळ वायरिंगला कात्री लागत नाही. गाडी वॉरंटीत असेल तर हा मुद्दा कळीचा ठरतो, कारण कापलेली वायर पाहिली की विजेच्या कोणत्याही तक्रारीवर सेवा केंद्र हात वर करते. शिवाय गाडी विकताना कंपनीचा टेप पुन्हा जागेवर बसवता येतो. आमचा जुना टेप माळ्यावर जपून ठेवलेला आहे आणि तो का ठेवला आहे, हे सासूबाई दर दिवाळीच्या साफसफाईत विचारतात.

निमशहरी

चौपदरीताईंनी कपलरचे सांगितले, ते अगदी योग्य आहे. परंतु कपलर लावूनही एक गंमत होऊ शकते. नव्या टेपला दोन ठिकाणांहून वीज लागते. पिवळी वायर बॅटरीला कायम जोडलेली असते आणि तिच्यावर घड्याळ व साठवलेली स्टेशने टिकून राहतात, तर लाल वायरला किल्ली फिरवल्यावरच वीज मिळते. काही युरोपीय गाड्यांत या दोन्हींच्या जागा अदलाबदल केलेल्या असतात. आमच्याकडे तसेच झाले आणि किल्ली काढली की टेपची स्मृती पुसली जाऊ लागली. रोज सकाळी कार्यालयाला निघताना आमच्या गाडीत रात्रीचे बारा वाजलेले असत. दुकानदार नवा टेपच सदोष असल्याचे सांगत होता. शेवटी गावातल्या इलेक्ट्रिशियनने पिवळ्या आणि लाल वायरचे मधले जोड उलटसुलट करून दिले आणि प्रश्न मिटला.

पानशेतकर

“रात्रीचे बारा” वाचून हसू आवरले नाही.

माझा अनुभव निराळा आहे. मेहुण्यांनी अमेरिकेतून येताना टेप आणला होता. आवाज सुरेख होता, पण पुणे आकाशवाणी काही केल्या लागेना. आपल्याकडे मध्यम लहरींवरची केंद्रे ९ किलोहर्ट्‌झच्या पायऱ्यांवर असतात आणि पुणे केंद्र ७९२ वर आहे. अमेरिकेत ही पायरी १० किलोहर्ट्‌झची असल्यामुळे टेप ७९० वरून थेट ८०० वर उडी मारत असे. एफएमवरही तोच घोळ होता. तिकडे स्टेशनांच्या आकड्यांत दशांशानंतर नेहमी विषम अंक येतो, त्यामुळे विविध भारतीचे १०१ लावायला गेले की टेप १००.९ किंवा १०१.१ दाखवी आणि दोन्हीकडे निवेदकाचा आवाज घोगरा येई. मेहुण्यांच्या मते दोष आकाशवाणीचा होता. अखेर माहितीपुस्तिकेच्या शेवटच्या पानांत देश निवडण्याची सोय सापडली. हा बदल टेप बंद ठेवूनच करावा लागतो, ही अट मात्र फार बारीक अक्षरांत छापलेली होती.

दर्यावर्दी

पानशेतकर काका, आमचे दुखणे याहून मोठे आहे. न्यूझीलंडमध्ये जपानहून आलेल्या जुन्या गाड्या सर्रास वापरल्या जातात आणि त्यांच्या मूळ टेपचा एफएम पट्टा ७६ ते ९० मेगाहर्ट्‌झ इतकाच असतो. इथली स्टेशने ८८ च्या वर सुरू होतात, म्हणजे अख्ख्या शहरातली दोन-चारच आपल्या वाट्याला येतात. एरियलच्या वायरमध्ये एक छोटी डबी बसवून वरची स्टेशने खालच्या आकड्यांवर आणता येतात, परंतु मग कोणते स्टेशन कुठे लागते याचा हिशेब डोक्यात ठेवावा लागतो आणि खरखरही वाढते. त्यात सगळी मेनू जपानी लिपीत! मी डबीचा मार्ग सोडून पूर्ण टेपच बदलला.

घाटमाथा

नवा टेप बसवल्यावर कोणाच्या गाडीत रेडिओ कमजोर झाला आहे काय? आमच्याकडे गाणी उत्तम वाजतात, परंतु शहराबाहेर पडताच एफएम विरून जाते. कंपनीचा टेप कराडपर्यंत स्टेशन धरून ठेवत असे.

निमशहरी

@घाटमाथा, आपल्या गाडीचा एरियल छतावर आखूड किंवा मागच्या काचेत छापलेला असेल, तर त्याच्या बुडाशी छोटा अँप्लिफायर असतो आणि त्याला १२ व्होल्ट लागतात. कंपनीचा टेप ती वीज पुरवत होता. नव्या टेपची ती वीज देणारी निळी वायर बहुधा कोणीतरी चिकटपट्टी गुंडाळून मोकळी सोडली आहे. ती एरियलच्या अँप्लिफायरला जोडून घ्यावी. काही गाड्यांत ही वीज एरियलच्या केबलमधूनच द्यावी लागते, त्यासाठी वेगळा अडॅप्टर मिळतो.

घाटमाथा

निळी वायर खरोखरच मोकळी निघाली. आपले मनःपूर्वक आभार.

अर्धवर्तुळ

टेपच्या खोक्यावर ठळकपणे छापलेल्या “५० वॉट गुणिले ४” या आकड्यावर कोणी भाळू नये. इंजिन चालू असताना गाडीत सुमारे १४.४ व्होल्ट असतात आणि ४ ओहमच्या स्पीकरला त्यातून जास्तीत जास्त २६ वॉटच्या आसपास स्वच्छ वीज देता येईल, तीही केवळ कागदावर. प्रत्यक्षात प्रत्येक स्पीकरमागे २० वॉट मिळाले तरी पुष्कळ झाले. त्याहून अधिक हवे असेल तर स्वतंत्र अँप्लिफायर घ्यावा आणि त्याची वायर थेट बॅटरीवरून आणताना बॅटरीजवळच फ्यूज टाकावा. फ्यूज अँप्लिफायरजवळ असेल आणि मधली वायर पत्र्याला घासून उघडी पडली, तर तिला वाचवणारे काहीच उरत नाही.

माझ्या मते बहुतेकांच्या गाडीत टेपपेक्षा स्पीकर आधी बदलायला हवेत. दाराचे आवरण काढल्यावर दिसलेला कागदी कोन मला अजून आठवतो. त्याची कड इतकी कुजली होती की बोट लावताच तिचे तुकडे पडले. एवढे दिवस दोष मात्र टेपच्या माथी मारला जात होता.

सांजवात

अर्धवर्तुळ यांच्याशी सहमत आहे. नवे स्पीकर बसवूनही आवाजात दम नसेल, तर एका बाजूच्या वायर उलट जोडल्या गेल्या आहेत का, ते पाहावे. एक कोन पुढे येत असताना दुसरा मागे जातो आणि ढोलकी-तबल्याचा खर्ज एकमेकांत विरतो. तपासणी घरच्या घरी होते. टेपच्या बाजूने स्पीकरच्या वायर सोडवाव्यात आणि घड्याळातला दीड व्होल्टचा सेल क्षणभर त्यांना लावावा. धन टोक योग्य वायरला लागले असेल तर कोन किंचित पुढे उसळतो. माझ्या वडिलांनी अशीच तपासणी केली आणि दुकानदाराने “गाडीच छोटी आहे, बेस कुठून येणार” म्हणून वाटेला लावलेल्या गाडीतून व्यवस्थित खर्ज काढून दाखवला.

लाटकर

मोठ्या पडद्याच्या स्वस्त अँड्रॉइड टेपबद्दल माझे मत फारसे चांगले नाही. चकचकीत पडदा पाहून मुलांनी हट्ट धरला आणि आम्ही तो घेतला. किल्ली काढल्यावर तो पूर्ण बंद होत नसे, झोपेच्या अवस्थेत वीज खात राही. आठवड्याच्या सुटीनंतर गावाहून परतलो, तेव्हा गाडी ढकलून सुरू करावी लागली. सेटिंगमध्ये जाऊन पूर्ण बंद होण्याचा पर्याय निवडला, त्यामुळे बॅटरी वाचली, पण आता तो सुरू व्हायलाच इतका वेळ घेतो की मागे घ्यायची गाडी मागे घेऊन होते आणि मग कॅमेऱ्याचे चित्र उमटते.

मोगरा_७

लाटकर भाऊ, सहानुभूती आहे. आमच्या शेजाऱ्यांकडे हीच कथा आहे, फक्त तिथे हट्ट मुलांचा नव्हता, शेजाऱ्यांचा स्वतःचा होता.

एक मुद्दा कोणी मांडला नाही. कंपनीने न दिलेले विजेवर चालणारे साहित्य गाडीच्या विम्यात आपोआप धरले जात नाही. टेप आणि अँप्लिफायर महाग असतील तर पावती दाखवून, जादा हप्ता भरून त्यांची किंमत पॉलिसीत नोंदवून घ्यावी.

चौपदरी

एक शंका विचारते. कंपनीच्या टेपबरोबर स्टिअरिंगवरची आवाजाची बटणे चालत होती, ती नव्या टेपवर चालत नाहीत. दुकानदार म्हणतो की ती आता विसरा.

अर्धवर्तुळ

@चौपदरी, इतक्यात विसरू नका. पुष्कळ गाड्यांत प्रत्येक बटणामागे वेगवेगळ्या ओहमचा रोध असतो आणि बटण दाबल्यावर टेप तो रोध ओळखतो. आपल्या टेपच्या मागे “की १” आणि “की २” अशा खुणा असलेल्या वायर असतील, तर त्या स्टिअरिंगच्या वायरना जोडून मेनूत एकेक बटण शिकवता येते. गाडीत बटणांचे संदेश कॅन बसवरून, म्हणजे गाडीतल्या छोट्या संगणकांना जोडणाऱ्या सामाईक वायरवरून जात असतील, तर मात्र ते संदेश टेपला समजतील असे करणारा, त्या मॉडेलसाठीचा वेगळा डिकोडर घ्यावा लागेल. आपण कपलर लावलेला असल्यामुळे वायर शोधण्यासाठी काही कापावे लागणार नाही. टेप पुढे ओढून मागचा भाग पाहा आणि कोणत्या रंगाच्या वायर मोकळ्या आहेत, ते इथे कळवा.