तिसरीच्या मुलांकडून इंग्रजी क्रियापदांचे तक्ते पाठ करून घ्यावेत का?

मूळ लेख : पालक, शहापूर (बेळगाव)

कर्नाटकात 2007 पासून पहिलीपासूनच इंग्रजी हा विषय आला आणि 2015 च्या कायद्याने कन्नड ही पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शाळांत सक्तीची झाली. त्यामुळे आपल्याकडचे मराठी माध्यमाचे मूल अगदी लहान वयात तीन भाषा आणि तीन लिप्या सांभाळत असते. अशा मुलाकडून साधा, चालू आणि पूर्ण वर्तमानकाळ ही नावे घोकून घेणे आणि 'गो, वेंट, गॉन' अशा याद्या पाठ करून घेणे मला अयोग्य वाटते. चौथीपर्यंत काळांची नावे वर्गात काढूच नयेत. क्रियापदांची रूपे मात्र रोज, तोंडी आणि पूर्ण वाक्यांतून भरपूर यावीत.

कर्त्याप्रमाणे क्रियापद बदलते, ही गोष्ट या मुलांना नव्याने शिकवावी लागत नाही. मराठीत मुलगा 'मी जातो' म्हणतो आणि मुलगी 'मी जाते' म्हणते. 'आंबा खाल्ला, पोळी खाल्ली' यांत तर क्रियापद कर्माकडे पाहते. शेजारच्या कानडी मुलाच्या तोंडी 'होगुत्ताने' आणि 'होगुत्ताळे' हा भेद असतो, पण 'नानु होगुत्तेने' हे मुलगा आणि मुलगी दोघेही सारखेच म्हणतात. इतके बारकावे ज्यांनी नियम न ऐकता आत्मसात केले, त्यांना 'ही गोज, शी गोज' यासाठी तक्त्याची गरज का भासावी?

प्रतिसाद : प्राथमिक शिक्षिका, खानापूर तालुका

आपला मुद्दा घरातल्या आणि गल्लीतल्या भाषांना लागू पडतो, इंग्रजीला नाही. मराठी मुलाच्या कानावर दिवसभर पडते आणि कन्नड बाजारात, बसमध्ये, शेजारी ऐकू येते. इंग्रजी मात्र आमच्या गावात शाळेच्या त्या एका तासापुरतीच असते आणि त्या तासातही निम्मा वेळ अक्षरे गिरवण्यात जातो. जी भाषा ऐकायलाच मिळत नाही ती ऐकून येईल असे मानणे खेड्यातल्या मुलावर अन्याय करणारे आहे. ज्यांच्या घरी इंग्रजी पुस्तके आहेत आणि शिकवणी आहे, त्यांना नियम नाही सांगितला तरी चालेल. माझ्या वर्गातल्या मुलीला तो मीच सांगायला हवा.

शिवाय न सांगितलेल्या नियमाची चूक पक्की होते. 'आय डिड नॉट वेंट', 'शी डज नॉट गोज' अशी वाक्ये दहावीच्या उत्तरपत्रिकांतही दिसतात. 'डिड' आणि 'डज' यांनी काळ आणि पुरुष आधीच दाखवला की मुख्य क्रियापद मूळ रूपात राहते, ही गोष्ट तिसरीत दोन वाक्यांत सांगता येते. ती का टाळावी?

प्रतिसाद : भाषाशास्त्राचा विद्यार्थी, धारवाड (मूळचा निपाणीचा)

बाईंच्या म्हणण्यात तथ्य आहे, परंतु रूपांचा क्रमही पाहायला हवा. मानसशास्त्रज्ञ रॉजर ब्राऊन यांनी तीन अमेरिकी मुलांच्या बोलण्याच्या नोंदींवरून 1973 मध्ये दाखवले की, इंग्रजी ही मातृभाषा असूनही मुलांच्या बोलण्यात 'इंग' हा प्रत्यय लवकर स्थिरावतो आणि 'गोज'मधला 'स' बराच उशिरा. आपण नेमके उलट करतो; पहिला धडा साध्या वर्तमानकाळाचा असतो आणि 'स' विसरला म्हणून गुण कापले जातात. 'शी इज रनिंग' हे धावणाऱ्या मुलीकडे बोट दाखवून शिकवता येते. 'शी रन्स एव्हरी डे' समोर दाखवता येत नाही.

प्रतिसाद : प्राथमिक शिक्षिका, खानापूर तालुका

'इंग'पासून सुरुवात करणे मला मान्य आहे आणि पहिली-दुसरीत मी कृतीगीतांतून तेच करते. पण त्याचाही अतिरेक होतो. 'आय ॲम नोइंग', 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' ही वाक्ये आपल्या भागात मोठी माणसेही बोलतात, कारण 'इंग' कुठे लावायचा नाही हे त्यांना कोणी सांगितलेच नाही. ब्राऊन यांची मुले दिवसभर इंग्रजी ऐकत होती, हा फरक तुमच्या उत्तरात कुठेच आलेला नाही.

मूळ लेखक

बाई, तुमच्या वर्गाची अडचण खरी आहे आणि माझा विरोध नियम सांगण्याला नाही, तो पाठांतराला आहे. 'डिड' असेल तर 'गो', हे सांगून लगेच मुलांना जोडीने प्रश्न विचारायला लावावेत : 'डिड यू गो टु खानापूर?' आणि उत्तर यावे 'येस, आय वेंट.' एका प्रश्नोत्तरात दोन्ही रूपे कानावर पडतात. जो वेळ पंचवीस क्रियापदांची तीन-तीन रूपे वहीत उतरवण्यात जातो, तेवढ्या वेळात सगळ्या वर्गाचे बोलून होते. कानडी शाळांत पहिली ते तिसरीची मुले नलीकलीत, म्हणजे हसतखेळत शिकण्याच्या पद्धतीत, गटागटाने अशीच शिकतात. तशी मांडणी आपल्या इंग्रजीच्या तासालाही करता येईल.

प्रतिसाद : प्राथमिक शिक्षिका, खानापूर तालुका

जोडीने प्रश्न विचारण्याचा सराव मी नक्की घेईन. मात्र 'डू, डज, डिड' यांचा छोटा तक्ता भिंतीवर राहील आणि तो मुलांना पाठही असेल, कारण शाळा सुटल्यावर त्यांच्याशी इंग्रजीत बोलणारे कोणीच नसते. तीन-तीन रूपांची लांब यादी मात्र पाचवीपर्यंत पुढे ढकलायला माझी हरकत नाही.