पोहता आलं तरी लाइफ जॅकेट हवंच
शिडाच्या होडीत बसताना पोहता येणाऱ्याला लाइफ जॅकेट कशाला, हे तुमचं म्हणणं मला अजिबात पटलं नाही. घटप्रभा नदीवरच्या हिडकल जलाशयासारख्या मोठ्या पाण्यात काठ जवळ वाटतो, असतो लांब. जॅकेटचे पट्टे आवळल्यावर कुणाला तरी ते खांद्यापाशी धरून वर ओढायला सांगा. कानापर्यंत सरकलं तर ढिलं आहे. होडी उलटली तर काठाकडे पोहत सुटू नका, होडीलाच धरून राहा. होडीच्या तळातून बाहेर आलेल्या फळीवर भार देऊन होडी सरळ करायची. हे सगळं, शिकवणारा माणूस सोबत असताना, आधीच घोटवून घ्या. वाऱ्याचा झोत आला की शिडाची दोरी सैल सोडायची. घाबरलेला नवशिका ती नेमकी आवळतो! म्हणून ती दोरी हातातच ठेवा, गाठ मारू नका. आणि वारा काठाकडून आत वाहत असेल त्या दिवशी नवशिक्यांना पाण्यात उतरवूच नये.